खड्ड्यांचे फोटो काढून टाक

प्रिय,

अनेक आशीर्वाद. पुणे महापालिकेच्या पथ विभागात रुजू होतेस न होतेस तोच निधीचा प्रस्ताव तुझ्या गळ्यात पडला म्हणायचा! मसुदा वाचला. खड्ड्यांचे फोटो झकास आलेत, पण ते काढून टाक. पैसे देणाऱ्याला पुण्यातले खड्डे ठाऊक असतात. दिलेल्या पैशातून झालेला रस्ता पाच वर्षांनी कुठल्या अवस्थेत असेल, हे त्याला हवं असतं आणि नेमकं तेच तुझ्या कागदांत नाही.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या नऊ काउंटींसाठी एमटीसी ही प्रादेशिक वाहतूक संस्था आहे. तिच्याकडून रस्त्यांसाठी निधी हवा असेल तर शहराला रस्ते-व्यवस्थापनाचा प्रमाणित आराखडा दाखवावा लागतो, आणि ठरावीक मुदतीने पाहणी करून तो ताजा ठेवावा लागतो. प्रत्येक रस्त्याला 0 ते 100 पैकी गुण. 100 म्हणजे नुकताच झालेला. साठच्या खाली गेला की घसरण झपाट्याने होते, आणि जिथे भेगा भरून भागलं असतं तिथे सगळा थर उखडायची वेळ येते. आपला प्रस्ताव राज्याच्या नगरविकास विभागाकडे जावो नाहीतर पीएमआरडीए या पुणे महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाकडे, असा तक्ता जोडच. कुणी मागितला नसला तरी.

आता यादी. बारा मीटरहून अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयांकडे, बाकीचे आपल्याकडे, त्यामुळे दोन्हीकडच्या याद्या जुळत नाहीत. त्यात महापालिकेत 2017 ला आलेल्या 11 गावांपैकी उरलेली आणि 2021 ला आलेली 23 गावं. तिथल्या रस्त्यांचे थर किती, खाली काय, याचे कागद शोधत बसू नकोस. सरळ जाऊन बघ. पहिली पाहणी पाऊस उघडल्यावर लगेच कर, कारण पाणी कुठे साचतं ते तेव्हा डांबरावर लिहिलेलं असतं.

आणि चेंबर! पाहणीच्या तक्त्यात त्याला स्वतंत्र रकाना दे. नवा थर पडतो, झाकण दोन इंच खाली राहतं. मग कुणीतरी भोवतीचा चौकोन कापून झाकण वर घेतं, सांधा नीट भरत नाही, पहिल्या पावसात कडेची खडी सुटते आणि दुचाकीवाला तिथे वळण घेतो. रस्ता बाकी ठणठणीत असतो. याचा दोष डांबराला देतात, ठेकेदाराला देतात. आधी झाकण उचला मग थर टाका, हे मात्र निविदेत कुणी लिहीत नाही. तू लिही.

खोदाईचंही तेच. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, गॅस, केबल, सगळ्यांच्या पुढच्या दोन वर्षांच्या लाइनी नकाशावर घेतल्याशिवाय एकाही रस्त्याचं नाव पक्कं करू नकोस. जंगली महाराज रस्त्याचा दाखला तुला आठवड्यातून एकदा तरी ऐकवला जाईल, 1976 चं काम, ठेकेदाराची दहा वर्षांची हमी वगैरे. मान डोलाव आणि कामाला लाग.

सगळ्यात अवघड बैठक पुढे आहे. सत्तर गुणांचा रस्ता आधी का, तीस गुणांचा का नाही, असं विचारलं जाईल, आवाज चढवूनच. भाषण देऊ नकोस. एकाच रस्त्याचे दोन हिशेब समोर ठेव: यंदा मायक्रोसरफेसिंगचा, म्हणजे वरून पातळ थर देण्याचा खर्च, आणि चार वर्षांनी डीबीएमपासून, म्हणजे खालच्या जाड डांबरी थरापासून नव्याने करायचा खर्च. दर डीएसआरमधले, म्हणजे अधिकृत दरसूचीतलेच घे, म्हणजे आकड्यावर वाद होणार नाही. तीस गुणांच्या रस्त्यांनाही वाटा ठेव. तिथे लोक रोज आदळतात, ते काही तुझा तक्ता वाचायला येणार नाहीत. पण सगळे पैसे तिकडे ओतलेस तर दरवर्षी नवे तीसवाले तयार होतील.

राहता राहिली देखभाल. निधी बांधणीला मिळेल, पुढची निगा आपल्याच अंदाजपत्रकातून. त्या रकमेचं वर्षअखेरीला वर्गीकरण होऊन ती भलत्याच कामाला जाते, म्हणून काम महापालिका कायद्याच्या कलम 72 ब खाली बहुवार्षिक मंजूर करून घेता येतं का, ते लेखा विभागाला आत्ताच विचार. मार्चमध्ये तिथे कुणी फोनही उचलत नाही.

तक्ता झाला की पाठव. फोटोंशिवाय.

तुझा,
काका