लेसरने चष्मा काढला तरी चाळिशीत पुन्हा लागतोच, मग शस्त्रक्रिया करून उपयोग काय?

लेसर शस्त्रक्रियेचे फायदे-धोके काय, आणि पुढे चष्मा लागणारच असेल तर ती करावी कशाला, असे आपण विचारले आहे. यातला दुसरा प्रश्न आमचे थोरले बंधू, मी हिशेबाची वही हात लांब करून धरली की, मला हमखास ऐकवतात. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. चाळिशीत जवळचे धूसर दिसते ते डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी झाल्यामुळे. लेसर काम करतो तो डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर. ज्याने जन्मात चष्मा लावला नाही त्यालाही चाळिशी लागते. तेव्हा ‘बघ, परत लागलाच ना’ हे म्हणणे साफ चूक आहे.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि माझा नंबर उणे साडेचार होता. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने सारखे औषध मारावे लागते. तोंडावरच्या मास्कमुळे काचा आतून वाफाळत, बाहेरून औषधाचे तुषार बसत, ते वाळले की पांढरे ठिपके पडत आणि उपरण्याने पुसले की चरे उमटत. दादांना हे कधी पटले नाही, कारण फवारणीचा ब्लोअर मी चालवत होतो.

नाशिकमध्ये एका ठिकाणी डोळे तपासण्याआधीच ‘या महिन्यात सवलत आहे’ म्हणून तारीख देऊ केली. तिथून मी उठून आलो, आणि आपणही उठावे. दुसऱ्या डॉक्टरांनी कॉर्नियाचा नकाशा काढला आणि कागदावर वजाबाकी करून दाखवली: जाडी 535 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एका नंबरामागे साधारण 15 मायक्रॉन झिजणार, लॅसिक (कॉर्नियाची पातळ चकती उचलून तिच्याखाली लेसर मारण्याची पद्धत) केल्यास वरची चकती 110 मायक्रॉनची, खाली किमान 300 उरले पाहिजेत. माझे गणित बसत होते. तरीही बागेत तारांखालून वाकून चालावे लागते आणि काडी डोळ्याला लागू शकते, हे ऐकल्यावर त्यांनी लॅसिक नको म्हटले. ती चकती पुन्हा पूर्वीइतकी घट्ट सांधत नाही आणि जोराच्या माराने सरकू शकते. म्हणून पीआरके ही दुसरी लेसर पद्धत केली. त्यात चकती नसते, कॉर्नियाचा वरचा थर काढून लेसर मारतात, पण तो थर नव्याने येईपर्यंत डोळे चुरचुरतात, पाणी वाहते आणि नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो. पावसाळ्यात काडी पक्व होत असताना, फवारणीचा जोर कमी असतो तेव्हा, मी ते उरकले. आज दूरचे मला विनाचष्मा लख्ख दिसते.

धोके खरे आहेत. डोळे कोरडे पडतात, आणि बराच काळ थेंब घालावे लागू शकतात. रात्री मुंबई-आग्रा महामार्गावर समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. सर्वांत गंभीर म्हणजे कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगणे. म्हणूनच केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची, शंका असेल, किंवा डोळे सतत चोळायची सवय असेल, तर नकाशा नीट पाहिल्याशिवाय लेसरला हात लावू देऊ नये. नंबर वर्षभर स्थिर नसेल, किंवा गरोदरपण वा स्तनपान चालू असेल, तर थांबावे. मोठा उणे नंबर असलेल्यांच्या डोळ्यामागच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, धोका लेसरने जात नाही. त्याची तपासणी चालूच ठेवावी लागते.

एक गोष्ट मात्र दादांच्या बाजूची आहे, ती सांगायलाच हवी. त्यांचा नंबर उणे दोन. चष्मा काढला की ते वर्तमानपत्र आरामात वाचतात. लेसरनंतर ही सोय जाते. आपण चाळिशीच्या जवळ असाल आणि नंबर लहान असेल, तर शस्त्रक्रिया न करणेच मला योग्य वाटते. पंचविशीत असाल आणि मोजमापे बसत असतील, तर पुढे चाळिशी लागेल म्हणून आजची पंधरा-वीस वर्षे काचांमागे काढण्यात काही अर्थ नाही, आणि हे मी दादांनाही तोंडावर सांगतो. शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढताना डॉक्टर ती मागतील.