पहिली व्हिडिओ वॉल बसवण्यापूर्वी

लातूरच्या शिकवणी वर्गात किंवा नांदेडच्या मंगल कार्यालयात पहिली व्हिडिओ वॉल, म्हणजे अनेक पडदे शेजारी जोडून केलेला एक मोठा पडदा, बसवण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या: मोठे चित्र कोणताही एक पडदा दाखवत नाही, कंट्रोलर त्या चित्राचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक पडदा आपल्या वाट्याचा तुकडा दाखवतो. फुल एचडीचे, म्हणजे प्रत्येकी १९२० बाय १०८० पिक्सेलचे, चार पडदे दोन बाय दोन मांडले, तर ३८४० बाय २१६० पिक्सेल मिळतात. मात्र मूळ व्हिडिओच १९२० बाय १०८०चा असेल, तर आकार वाढेल, तपशील वाढणार नाही.

खरी कसोटी सांध्यांची असते. दोन पडद्यांमधील चौकटीच्या जाडीइतका चित्राचा भाग झाकला नाही, तर तिरकी रेघ सांध्यावर तुटलेली दिसते. खिडकीच्या गजांमागचा रस्ता जसा थोडा झाकला जातो, तसेच येथे घडले पाहिजे. बारीक आकड्यांचा तक्ता दाखवायचा असेल, तेव्हा मात्र मी चित्राचा भाग झाकण्याची ही सोय बंद ठेवतो, कारण एखादा आकडाच चौकटीआड जाऊ शकतो.

रंगांची जुळवणी पडदे काही वेळ चालू ठेवल्यानंतरच करावी. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेऊन पडद्यांमागे हवा खेळती राहील एवढी जागाही आवर्जून सोडावी.