कडी लावून घे

दिग्दर्शकबाई,

मंगळवारी रात्री भरत नाट्य मंदिराच्या बाहेर तू संहिता माझ्या हातात दिलीस तेव्हा मी चहा पितापिता नुसती चाळली आणि ‘बघू’ म्हणालो. घरी आल्यावर मात्र ते अकरावं पान डोळ्यांपुढून हलेना. मूळ मजकूर तुझा, छापलेला. त्यावर निळ्या पेनानं एकाची काटछाट, निळ्यावर हिरव्यानं दुसऱ्याची, आणि समासात लाल पेनानं तिसऱ्याचं फर्मान : ‘इथे सगळे फ्रीज. स्पॉट. म्युझिक चढत जाईल.’ मी विचारलं, यातलं तुझं कुठलं? तू पान जवळ घेतलंस, दिव्याखाली धरलंस आणि म्हणालीस, ‘दादा, आता मलाच आठवत नाही.’

त्या वाक्यापायी हे पत्र. (दादा म्हणतेस ते चालू दे. वयानं मी कधीच काका झालो, पण नाटकात माणूस मरेपर्यंत दादाच असतो.)

घाबरू नकोस वगैरे लिहीत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत एक्कावन्न संघांतून पुढे गेलेल्या नऊ जणांत तुम्ही आहात, तुला धीर द्यायला माझी गरज नाही. तुझी अडचण वेगळी आहे. कॉलेज सोडून गेलेले तिघं रोज संध्याकाळी तालमीला येतात, तिघंही जाणते आहेत, तिघांचंही त्या-त्या वेळी पटतं, आणि अंतिम फेरीला बारा दिवस उरलेत. कुणाचं ऐकू, असं तू विचारलंस.

कुणाचंच नको. तालमीच्या खोलीचं दार लाव आणि आतून कडी घाल. मला एवढंच सांगायचं आहे. पुढे जे लिहीन ते हेच पुन्हा पुन्हा लिहीन, कारण तू हे वाचून मान हलवशील आणि उद्या साडेसहाला खाली त्यांच्यातल्या एकाच्या बुलेटचा आवाज आला की स्वतःच उठून दार उघडशील, हे मला ठाऊक आहे.

तुमची प्राथमिक फेरी मी मागच्या रांगेतून पाहिली. पडद्याआधी काय दंगा चालला होता! ‘अरे आव्वाज कुणाचा’ करून मुलांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलेलं. असल्या पोरांपुढे तुम्ही सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली मांडलीत. दोन खाटा, दोरीवर टॉवेल, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. एमपीएससीचा तिसरा प्रयत्नही गेलेला मुलगा, आणि निकाल न विचारता गावाहून पहिल्या एसटीनं आलेला बाप. बाप डबा उघडतो. मुलगा खायला लागतो. आणि बाप, मुलाकडे बघायला नको म्हणून, नकाशाकडे बघत बसतो. मग बोट पुढे करून आपलं गाव शोधायला लागतो. गाव नकाशावर नाहीच. बोट तालुक्यापाशी थांबतं.

एक शब्द नाही. चाळीसेक सेकंद असतील. माझ्या पुढच्या रांगेत कुणीतरी वेफर्सची पिशवी फोडत होतं, ते अर्ध्यावर थांबलं. मी एवढी वर्षं नाटकं बघतोय, टाळ्या खूप ऐकल्यात. पिशवी थांबलेली फार वेळा ऐकलेली नाही.

आणि लाल पेनवाला म्हणतो, ती जागा ‘ड्रॉप’ होते. तिथे मुलाचं बेकारीवर स्वगत हवं, मागे कोरस हवा आणि शेवटी टाळीचं वाक्य हवं. बरोबर आहे. टाळी येईलच. हुकमी येईल. पण ती त्याची टाळी असेल आणि त्या रात्री तू घरी जाऊन काय करशील? दार लाव.

आता तू म्हणशील, दादा, तुम्हाला आमच्या माजी विद्यार्थ्यांवर एवढा राग का? राग नाही गं. मी त्यांना आतून ओळखतो. मी तोच होतो.

पास होऊन नोकरीला लागलो तरी चार वर्षं मी संध्याकाळी कॉलेजात जात होतो. ऑफिसात मी सर्वांत ज्युनिअर, फायली आणा, टपाल न्या. आणि साडेसहाला जिमखान्याच्या हॉलमध्ये शिरलो की पंधरा पोरं उठून उभी राहायची. हे व्यसन तुला अजून कळायचं नाही. एका वर्षी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी स्वतः लिहिलेली एकांकिका बसवत होती. हळू बोलायची, सूचना वहीत लिहून नटाच्या हातात द्यायची. खिडकीच्या कट्ट्यावर बसून बघत राहायची. पहिल्या दिवशी मी म्हणालो, ‘फक्त एक सुचवू?’ हे शब्द ध्यानात ठेव. कुणीही ‘मी आता तुझं नाटक घेतो’ असं म्हणून आत येत नाही. ‘फक्त एक सुचवू’ असंच म्हणतो. पहिल्या दिवशी मी एक एंट्री डावीकडून उजवीकडे नेली. तिसऱ्या दिवशी मी हालचाली लावत होतो. आठवड्यानं शेवट बदलला. नटांनी कधी तिच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला सुरुवात केली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. नाही, तिला कळलं असणार. ती खिडकीतच बसून होती.

कुठली स्पर्धा ते सोड. बक्षीस मिळालं, आणि दिग्दर्शनाचंही मिळालं. नाव तिचं पुकारलं गेलं, कारण कागदावर तीच दिग्दर्शक होती. ती वर गेली, प्रमाणपत्र घेतलं, खाली आली आणि नाट्यगृहाच्या जिन्यात मला म्हणाली, ‘दादा, हे तुझं आहे, तूच ठेव.’ चेष्टा नव्हती, भांडणही नव्हतं. सुटे पैसे परत द्यावेत तसं दिलं. त्यानंतर तिनं नाटक केलं नाही. प्रमाणपत्र माझ्या कपाटाच्या खणात आहे, तिच्या नावाचं. सव्वीस वर्षं झाली.

माझ्या बाजूनंही थोडं ऐकून घे. तिचं दुसरं दृश्य खरोखर पडत होतं, हे मी आजही म्हणेन. माझा शेवट जास्त चांगला होता. मी नसतो तर कदाचित त्या नाटकाला काहीच मिळालं नसतं, आणि तेरा पोरांची दोन महिन्यांची मेहनत कुणाला दिसली नसती. प्रमाणपत्र द्यायला मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तिच्या आईनं घेतला आणि मी ‘पुन्हा करतो’ म्हणालो. तिसऱ्यांदा केला नाही. म्हणजे मी काही राक्षस नव्हतो. पण हे सगळं खरं धरूनसुद्धा हिशेब जुळत नाही, आणि मी तो पुष्कळदा करून पाहिलाय. तिचं पडणारं दृश्य तिनं पडताना बघायला हवं होतं. पुढच्या वर्षी तिनं ते उभं केलं असतं, तिच्या पद्धतीनं, वहीतून चिठ्ठ्या देत. ते वर्ष मी खाल्लं.

तेव्हापासून तालमीच्या खोलीचा उंबरा मी ओलांडलेला नाही. सख्ख्या भाचीच्या कॉलेजात बोलावलं तेव्हाही गेलो नाही. बहीण अजून म्हणते, शिष्ट आहेस. असेन.

तुला वाटेल, एका जुन्या गोष्टीवरून हा माणूस नियम करून बसला. मग आपण ज्या घरात प्रयोग करतो तेच बघ. भरत नाट्य संशोधन मंदिर ही संस्था १८९४ साली निघाली ती ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ या नावानं. विद्यार्थ्यांचा क्लब! आणि महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनं १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालवलाय तो अभिनय, दिग्दर्शन, लेखन यांच्यावर भर देऊन. म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या अंगात काय आहे ते दाखवायची ही जागा. तुमचे दादा लोक दिव्यांचा आराखडा घेऊन येतात तेव्हा मला हसू येतं. ज्याच्यासाठी स्पर्धाच नाही ते सुधारायला निघालेत.

२०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गहजब झाला तेव्हा! बरोबर की चूक यावर मी बोलणार नाही. त्या वर्षीची नाटकं काही माझ्या हाताखालून गेलेली नव्हती. पण निकाल ऐकल्यावर माझ्या मनात आलं ते असं, की करंडक रिकामा राहिला तरी पुढच्या वर्षी पोरं पुन्हा प्रयोगांच्या क्रमाचे लॉट्स काढायला आलीच. निकालानं बुडत नाही काही. उसनं नाटक करून जिंकलेलं मात्र खणात सव्वीस वर्षं पडून राहतं. दार लाव.

हिरव्या पेनवाल्यानं तुला ‘सवाई’चं, म्हणजे ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिकांच्या स्पर्धेचं, गाजर दाखवलंय, तेही तूच सांगितलंस. इथे पहिलं आलं की तिकडे जाता येईल, २५ जानेवारीची रात्र, मुंबईचं भरलेलं नाट्यगृह, पहाटेपर्यंत जागं राहणारे प्रेक्षक. सुंदर रात्र असते ती, मी तीन वेळा जाऊन जागलोय. पण सप्टेंबरात बापाच्या बोटाकडे बघायचं सोडून जानेवारीकडे कसली बघतेस? कमाल आहे.

आता थोडं कडू. तुला वाटतंय की ते तिघं घुसले आणि तू बिचारी. तू बिचारी नाहीस. दार उघडं ठेवण्यात सोय असते. नाटक पडलं तर ‘दादांनी बदलायला लावलं’ म्हणता येतं. तुझ्या बापाचं काम करणारा तो उंच मुलगा, त्याला निळा म्हणतो हळू चाल, हिरवा म्हणतो कमरेत वाक, लाल म्हणतो प्रेक्षकांकडे बघ. मंगळवारी चहाच्या टपरीवर तो माझ्यासमोर तुला विचारत होता, ‘नक्की काय करू?’ आणि तू काय म्हणालीस? ‘उद्या सगळे आले की ठरवू.’ तेव्हाच तुझ्यावर ओरडणार होतो. चहा गरम होता म्हणून वाचलीस. त्यानं विचारलं होतं तुला. त्याला चूक का होईना, एक उत्तर हवं होतं.

तिघांना तोडून टाक असं मी म्हणत नाही. एवढी माया करणारी माणसं पुढे आयुष्यात फुकट मिळत नाहीत. त्यांना काम दे, दाराबाहेरचं. खाटा न्यायला टेम्पो लागेल, तो ठरवायचा. प्रयोगाच्या दिवशी कपड्यांना इस्त्री, मुलांना वेळेवर वडापाव, आणि कुणाची आई ‘रात्री अकरापर्यंत कसली तालीम’ म्हणून चिडली तर तिच्याशी बोलायला एक पोक्त आवाज. बुलेटवाल्याला सांग, रंगीत तालमीला या, मागे बसा, ऐकू येतंय का तेवढं सांगा. शब्द ऐकू येतात की नाही, एवढंच. तो जर म्हणाला, ‘फक्त एक सुचवू?’ तर हसून म्हण, ‘प्रयोगानंतर, दादा.’ त्याला लागेल. दोन दिवस येणार नाही. मग टेम्पो घेऊन येईल; खरा नाटकवाला असेल तर नक्की येईल.

आणि ती संहिता टाकून दे. कोरी प्रत काढ. छपाईला पंचवीस-तीस रुपये जातील. अकराव्या पानाशी थांब आणि ते चाळीस सेकंद तुला खरंच हवेत का, हे स्वतःला विचार. नको वाटले तर काढ. माझ्या पिशवीवाल्याचा विचार करू नकोस. तो माझा.

बारा दिवसांनी मी मागच्या रांगेत असेन. संपल्यावर आत भेटायला येणार नाही, वाट बघू नकोस. सवय नाही राहिली.

हां, त्या डब्याचं राहिलं. प्राथमिक फेरीत डबा रिकामा होता, मुलगा हवाच खात होता, ते मागपर्यंत कळत होतं. त्यात खरी भाकरी ठेव, आणि बापानं झाकण काढताना आधी चटणीची पुडी बाजूला

नको. हे शेवटचं वाचू नकोस. वाचलंच असशील तर विसर.

तुझा,
दादा