गाडीत राहायला जाण्याआधी

रामबाग, इंदूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही दोघं जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं घर करणार आणि कच्छपर्यंत जाणार, हे वाचून फार आनंद झाला. रस्ता कुठून घ्यावा, मुक्काम कुठे करावा, असं तू विचारलं आहेस. ते नंतर बघू. आम्ही दोघांनी आमच्या गाडीत काढलेल्या 43 दिवसांत जे बिघडलं ते रस्त्यामुळे क्वचितच बिघडलं. बहुतेक वेळा आम्ही काहीतरी मोजायचं राहून गेलं होतं.

पहिलं पाणी. आमची टाकी 80 लिटरची. तिसऱ्या दिवशी सकाळी उदयपूरच्या बाहेर मी भांडी विसळत होते आणि हे ओरडले, न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येतंय! साबणाचं, तेलकट पाणी. बघता बघता सतरंजी भिजली, तिच्याखालचं प्लायवूड भिजलं. पाइप तुंबला असं समजून यांनी अर्धा तास तार घालून पाहिली. तुंबलं काहीच नव्हतं. सांडपाण्याची टाकी 50 लिटरचीच बसवलेली होती आणि आम्ही ते कधी विचारलं नव्हतं. 80 लिटर आत येणार तर तेवढंच बाहेर जाणार. 50 लिटर झाले की पुढचं पाणी सगळ्यांत खालच्या भोकातून वर येणार, आणि ते भोक न्हाणीचं. म्हणून सांडपाण्याची टाकी वरच्या टाकीएवढी तरी करून घे, आणि कामाला सुरुवात होण्याआधीच सांग. नंतर खाली जागा उरत नाही. ती कुठे रिकामी करायची तेही रोज सकाळी ठरव. रात्री रस्त्याकडेला झडप उघडून देणारे लोक आम्ही पाहिले. तुम्ही तसं करू नका. आपण इंदूरची माणसं, ओला-सुका वेगळा केल्याशिवाय कचरा गाडीत टाकत नाही. तीच सवय बरोबर न्यायची. ढाब्यावर नीट विचारलं तर लोक मोरी दाखवतात.

मग वजन. निघण्याआधी पाणी, सिलेंडर, भांडीकुंडी, दोघं जण, सगळ्यांसकट गाडी धर्मकाट्यावर ने. आरसीवरच्या वजनाच्या आत बसायला हवी. (आणि आरसीवर बदलाची नोंद आरटीओच्या मंजुरीनं आधी करून घे, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे.) आम्ही काट्यावर गेलो ते अबूच्या घाटानंतर. जवळजवळ 4 टन भरले.

अबूवरून अबूरोडला उतरताना साधारण 900 मीटर खाली यावं लागतं. आता गणित कर: 4000 गुणिले 9.8 गुणिले 900. साडेतीन कोटी जूल. ही ऊर्जा उष्णता होऊनच जाणार, आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर सगळी ब्रेकमध्ये. अर्ध्या वाटेवर जळका वास आला आणि पेडल मऊ लागायला लागलं. यांनी शांतपणे गाडी कडेला घेतली, चाकामागे दगड लावले आणि आम्ही पाऊण तास नुसते बसून राहिलो. तापलेल्या ड्रमवर पाणी टाकायचं नाही, तडा जातो. ट्रकवाले सांगतात, जिस गियर में चढ़ो, उसी में उतरो. खलघाटच्या वाटेवरचा आपला गणपती घाट आठव. तिथे भरल्या ट्रकांचे ब्रेक याच कारणानं जात आले आहेत. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घ्यायचा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं.

उंचीचं थोडक्यात सांगते. छतावर पंखा आणि सोलर पॅनेल बसवल्यावर उंची पुन्हा मोज आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटव. रेल्वेखालच्या बोगद्याआधी उंचीसाठी लावलेल्या आडव्या दांड्याला आमच्या पंख्याचं झाकण गेलं, कारण आमच्या डोक्यात कागदावरची उंची होती.

जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत जे झालं ते मात्र सविस्तर लिहिते. त्या दिवशी हे 9 तास चालवत होते. अंधारात गाडी मागे घेताना मी मागे उभी राहून थांबा म्हणून हात हलवत होते. यांना आरशात वाटलं, ये म्हणते आहे. मागची चाकं वाळूत रुतली. मग आम्ही एकमेकांना नको ते बोललो. एका जीपवाल्यानं येऊन आधी चाकांतली हवा कमी केली. टायर पसरतो, भार जास्त वाळूवर वाटला जातो आणि चाक रुतत नाही. मग दोर बांधून ओढली. दुसऱ्या दिवशी यांनी मला चाकावर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. मला आरशात जवळजवळ काहीच दिसेना! आदल्या रात्री ज्याबद्दल मी रागावले होते ते मला तेव्हा कळलं. तुम्ही दोघांनीही चालवायला शिका. मूठ मिटली की थांबायचं, आणि मागचं माणूस आरशातून नाहीसं झालं तरी थांबायचं, एवढ्या दोन खुणा पुरतात. 200 किलोमीटरच्या वर एका दिवसात जाऊ नका.

भुजला मार्चचं ऊन होतं म्हणून गाडी कडुनिंबाखाली लावली. पहाटे फ्रिज बंद. बॅटरी 150 अँपिअर-तासांची, 12 व्होल्टची, म्हणजे 1800 वॅट-तास. पण शिशाच्या बॅटरीतून निम्मंच काढायचं, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. फ्रिज 45 वॅटचा, आणि त्या उकाड्यात कंप्रेसर थांबेचना: 24 तासांत हजाराच्या वर वॅट-तास. भरपाई करणारं पॅनेल सावलीत. पॅनेलमधले सेल सिरीजमध्ये जोडलेले असतात, एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी करंट फार खाली येतो. परवडलं तर लिथियमची बॅटरी घे, आणि पॅनेल छतावर खिळवण्याऐवजी लांब वायरीवर उन्हात ठेवता येईल असं कर.

फ्रिजमधलं दूध नासायच्या आत मी त्यात कणीक भिजवली आणि दशम्या केल्या. माझी आजी यात्रेला निघताना करायची. पाण्याचा थेंब नाही, म्हणून टिकतात. लसणाची चटणी आणि गुळाबरोबर त्या धोलावीरापर्यंत पुरल्या. खावड्याहून तिकडे जाणारा रस्ता पांढऱ्या रणातून जातो, दोन्ही बाजूंना मीठच मीठ.

धोलावीरा हे हडप्पा काळातलं शहर, 2021 साली जागतिक वारसा स्थळ झालं. मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांमध्ये ते शहर वसलं, आणि दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहणारे. त्या लोकांनी ते पाणी वळवून मोठमोठे हौद भरले. कोरड्या हौदाच्या काठावर हे बराच वेळ उभे होते. म्हणाले, "किती लागतं हे यांनी आधी मोजलं असणार." त्या संध्याकाळी मी वहीत पहिल्यांदा लिहिलं: दोघांना दिवसाला 22 लिटर. आधी आम्ही 30 वापरत होतो.

बाळ, निघायच्या आधी दोघं रविवारी इकडे या. आमची गाडी गल्लीतच उभी आहे. टाकी भरून देते, बॅटरी भरून देते, चार्जरची वायर मात्र काढून ठेवीन. दोन रात्री तिच्यातच राहा. जेवायला किंवा आंघोळीला घरात यायचं नाही. वही आणि पेन्सिल स्टिअरिंगशेजारच्या कप्प्यात आहे.

तुझी,
मॅडम