पहिल्या स्लेज-सफरीला निघण्यापूर्वी

नॉर्वेतील फिनमार्कच्या पठारावर स्लेजने, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या बर्फावरच्या घसरगाडीने, जाण्यासाठी तुम्ही मार्च महिना निवडलात, हे फार चांगले केलेत. तेव्हा दिवस सुमारे १२ तासांचा असतो, मात्र रात्री पारा उणे २५ अंशांपर्यंतही उतरू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्लेज उलटली आणि तुम्ही बर्फातून फरपटत गेलात, तरी स्लेजचा हातात धरलेला दांडा सोडू नका, कारण हस्की कुत्री तुमच्यासाठी थांबतीलच असे नाही, आणि सुटलेली स्लेज उतारावर त्यांच्याच अंगावर जाऊ शकते. म्हणून उतारावर ब्रेकवर पाय ठेवून ओढीचा दोर ताणलेला ठेवा. चढावर एका पायाने रेटा द्या. नुसते उभे राहिलात, तर कुत्री मान वळवून तुमच्याकडे पाहू लागतात.

नवखे लोक हमखास सुती कपडे आणि घट्ट बूट घालतात. घामाने भिजलेले सुती कापड थंडीत वाळत नाही. आतला थर लोकरीचाच हवा, आणि जाड मोज्यांतही बोटे हलली पाहिजेत.

मुक्कामी पोहोचल्यावर आधी कुत्र्यांचे खाणे-पाणी उरका, त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत अडकलेल्या बर्फाच्या गाठी काढा, आणि मगच स्वतःच्या चहाकडे वळा. कोणते कुत्रे कोणाच्या जोडीला स्लेजला जुंपायचे, हे ठरवण्याचे काम तूर्त वाटाड्यावर सोपवा.