औषध बांधावर नाही, भाऊ

भाऊ, तुमचं पत्र चार पानी, त्यातली साडेतीन पानं नीट परीक्षेवर. मुलीला दुसऱ्या खेपेला ४३१ मिळाले. तिला बायोकेमिस्ट्री घेऊन पोटाच्या कॅन्सरमधल्या एन्झाइमवर संशोधन करायचंय, तुम्हाला तिसरी खेप हवीय. मी मात्र अडलो शेवटच्या ओळींपाशी: 'आईला जठराचा कॅन्सर आहे. केमो तूर्त थांबवून एन्झाइमच्या गोळ्या अन् पपईचा चीक सुरू केलाय. औषध आमच्याच बांधावर आहे, मग संशोधनाला दहा वर्षं कशाला?'

करिअरचं मागून बघू. याच आठवड्यात आजींना त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे न्या. गोळ्यांची बाटली सोबत घ्या, काय काय पाजलं ते न लपवता सांगा.

तुम्ही शहाद्याकडचे, पपईवाले. चीक लागून बोटांची सालटं निघतात, कच्च्या पपईच्या दोन फोडींनी मटण लवकर शिजतं, हे तुम्हाला मी काय सांगणार? ते काम पपेनचं, प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमचं. मग गाठही विरघळेल, असं वाटणारच. एडिंबरोचे शास्त्रज्ञ जॉन बिअर्ड यांनाही वाटलं होतं. १९०६च्या सुमारास त्यांनी स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन, तेही प्रथिनं पचवणारं एन्झाइम, कॅन्सरवर उपाय म्हणून मांडलं. पुढे अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांत केमो आणि एन्झाइम यांची तुलना झाली, उपचार रुग्णांनीच निवडले होते. निकाल २०१०च्या आसपास छापून आला. केमोवाल्यांतले निम्मे १४ महिन्यांपेक्षा जास्त जगले. एन्झाइम आणि विशेष आहारवाल्यांत तोच आकडा ४.३ महिने.

खरं तर प्रकार उलटा आहे. अशी एन्झाइम गाठच वापरते. पेशींखालचा कोलॅजनचा पडदा कातरून ती शेजारी घुसते, बांध फुटून पाणी दुसऱ्याच्या शेतात शिरावं तशी. ट्रिप्सिन तर काही गाठींत पेशीला वाढायचा इशारा देतं. मग पडदा कातरणारी एन्झाइम रोखणारी औषधं निघाली, मॅरिमास्टॅट त्यातलंच. तेही चाचण्यांत आपटलं. यातली काही एन्झाइम जखम भरायला लागतात, काही गाठीला आवरतातसुद्धा. सरसकट सगळी बंद करून कसं चालेल? कोणतं रोखायचं, कधी रोखायचं, यावर अजून काम चालू आहे. तुमच्या मुलीला पडलेला प्रश्न हाच.

तिला तुम्ही काय सांगता? 'आजीच्या डोळ्यांदेखत डॉक्टर हो.' एमबीबीएसला साडेपाच वर्षं लागतात, भाऊ. आजींचा आजार तेवढा थांबत नाही, आणि तो थांबवायची जबाबदारी एकोणीस वर्षांच्या पोरीची नाही. पत्राच्या मागे पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: 'सर, चीक देऊ नका असं मी म्हटलं होतं.' घरात बरोबर बोलणारी ती एकटीच होती. तिला तुम्ही 'आधी डॉक्टर हो, मग अक्कल शिकव' म्हणालात, आणि वर ते मला कौतुकाने कळवलंत!

तिसरी खेप तिने स्वतः मागितली तरच. नाहीतर बीएस्सी, जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षांतून एमएस्सी, मग संशोधनाची शिष्यवृत्ती देणारी नेट-जेआरएफ परीक्षा, आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी पीएचडी. यावर सविस्तर मी तिच्याशीच बोलेन, पुढचं पत्र तिला लिहू द्या.

दवाखान्यात जाताना तिलाही न्या. डॉक्टरांना काय विचारायचं ते तिला ठाऊक आहे.