जनुकातला दोष माझ्या बाळाकडे जाईल का?

आनुवंशिकी समुपदेशनात हा प्रश्न वारंवार येतो. तिशीतील एक स्त्री पतीसह तोच घेऊन आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अंगावर चोळताच गांधीसारखे उठणारे तपकिरी डाग, मधमाशी चावल्यावर एकदा हरपलेली शुद्ध आणि अखेर अस्थिमज्जेच्या तपासणीतून झालेले सिस्टेमिक मॅस्टोसायटोसिसचे, म्हणजे अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या मॅस्ट पेशी शरीरात अति साठण्याच्या आजाराचे, निदान. अहवालात ‘केआयटी जनुकात डी८१६व्ही बदल’ असे वाचून तिने मूल होऊ न देण्याचे जवळजवळ ठरवले होते. “मॅडम, माझ्यामुळे बाळाला हे भोगावे लागू नये,” एवढेच तिचे म्हणणे होते.

केआयटी जनुकापासून पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरचे संदेश घेणारा रिसेप्टर तयार होतो. अस्थिमज्जेतील मूळ पेशींवर तो असतो. बहुतेक रक्तपेशी पक्व होताना त्याची निर्मिती थांबवतात, मॅस्ट पेशी मात्र तो आयुष्यभर बाळगतात. म्हणूनच ८१६ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले आणि संदेशाविनाच रिसेप्टर चालू राहू लागला, की त्याचा परिणाम सर्वाधिक मॅस्ट पेशींवर दिसतो. प्रौढ रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांत आढळणारा हा बदल सहसा जन्मानंतर अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत घडतो. तो स्त्रीबीजात नसतो, म्हणून बाळाकडे जात नाही. एकाच कुटुंबात अनेकांना हा आजार असणे फार विरळ आहे, आणि तिच्या माहेरी तसे कोणीही नव्हते.

पतीने मग रक्तातील वाढलेल्या ट्रिप्टेजविषयी, म्हणजे मॅस्ट पेशींतून येणाऱ्या प्रथिनाविषयी, विचारले, आणि तो प्रश्न मला फार रास्त वाटला. टीपीएसएबी१ जनुकाच्या जादा प्रतींमुळे ट्रिप्टेज जन्मतःच वाढलेले असू शकते. हा गुण मात्र आनुवंशिक आहे आणि मॅस्टोसायटोसिसच्या रुग्णांतही तो आढळतो. त्यामुळे ‘काहीच आनुवंशिक नसते’ असे सरसकट आश्वासन मी कधीच देत नाही. तिची ती तपासणी करून घेतली. प्रती नेहमीइतक्याच निघाल्या.

काही रुग्णांत याच्या जोडीने रक्ताचा दुसरा विकारही असतो आणि हाच बदल मोनोसाइट या पांढऱ्या पेशींसारख्या इतर रक्तपेशींतही सापडतो. रक्तविकारतज्ज्ञांना तिच्यात तसे काही आढळले नाही. तिचा आजार संथ प्रकारचा होता, ज्यात आयुर्मान सहसा घटत नाही.

बाळापेक्षा तिच्या स्वतःच्या सुरक्षेची तयारी अधिक निकडीची होती. अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन सदैव जवळ असणे, त्रास देणारी वेदनाशामके टाळणे, आणि भूलतज्ज्ञांना प्रसूतीच्या बऱ्याच आधी भेटणे हे मुद्दे मी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावे पत्रात लिहून दिले आणि त्याची एक प्रत तिच्याकडे ठेवली.